ओसीडीची गोळी सुरू करावी का? धोका कशाचा, किती आणि कधी

खानापूर तालुक्यातल्या एका भावाने बहिणीबद्दल विचारलं आहे. ती तेवीस वर्षांची, पदवी पूर्ण झालेली. दोन वर्षांपासून आंघोळीला दोन-अडीच तास लागतात, हात दिवसभर धुणं चालू असतं, बाहेरून कुणी आलं की "पाय धुतलास ना? नक्की धुतलास ना?" हा प्रश्न संपत नाही. बेळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडीचं, म्हणजे मंत्रचळाचं, निदान करून सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम लिहून दिली आणि पुढे १५० ते २०० पर्यंत न्यावी लागेल असं सांगितलं. घरच्यांनी औषधाची माहिती वाचली, तिथे आत्महत्येच्या विचारांचा इशारा दिसला. शेजारपाजारचे म्हणतात सवय लागते, डोकं मंद होतं, पुढे मूलबाळ होताना अडचण येते. त्यात लग्नाचं बघणं सुरू आहे. गोळ्यांचं पाकीट अजून उघडलेलं नाही.

तुमच्या वर्णनावरून माझं मत गोळी सुरू करावी असंच आहे. पण "काही होत नाही, घ्या बिनधास्त" असं मी म्हणणार नाही, कारण काही गोष्टी होतात. त्या कोणत्या, कधी होतात आणि कशाने टळतात हे आधी कळलेलं बरं. ओसीडीच्या औषधाने होणारं बरंचसं नुकसान ते अर्धवट घेतल्याने, अचानक सोडल्याने किंवा भलत्याच गोळीबरोबर घेतल्याने होतं.

आधी आजार किती जड आहे ते ठरवा, त्याशिवाय धोक्याची तुलनाच करता येत नाही. यासाठी येल-ब्राउन मोजपट्टी वापरतात. दहा प्रश्न असतात, पाच विचारांबद्दल आणि पाच कृतींबद्दल, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. एकूण ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र, त्यापुढे अतितीव्र. दिवसाचा तासभर जातो, पण कॉलेज-नोकरी-जेवणखाण नीट चालू आहे, अशा माणसाला आधी गोळीशिवाय वर्तनोपचार द्यावा. त्यात भीतीची चढती यादी करतात आणि खालच्या पायरीपासून सुरुवात करतात. दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. अस्वस्थता आधी वाढते, मग धुतल्याशिवायही आपसूक उतरते, हे शरीराला शिकवायचं. नेमाने केलेल्या बारा ते वीस बैठकांत सौम्य आणि मध्यम आजारात हा उपचार गोळीच्या तोडीस तोड ठरतो, आणि त्याचा परिणाम थांबवल्यानंतरही जास्त टिकतो.

तुमच्या बहिणीचे नुसत्या आंघोळीतच दोन-अडीच तास जातात. शिवाय घरचे तिचे प्रश्न शमवण्यात गुंतलेत. हा आजार सौम्य नाही. इतक्या चढलेल्या भीतीत कडीला हात लावून धुवायचं थांबव म्हटलं तर माणूस दुसऱ्या बैठकीलाच येत नाही. गोळी भीतीची धार कमी करते आणि मग वर्तनोपचार पेलतो. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. मराठीतून हा उपचार पद्धतशीर करणारे समुपदेशक मोजके आहेत, आणि आजाराचे विचार परक्या भाषेत सांगणं जड जातं. देवाबद्दल मनात येणारे घाण विचार, विटाळाची भीती, या गोष्टी कन्नड किंवा इंग्रजीत कशा सांगायच्या? बेळगावात मराठी जाणणारे समुपदेशक मिळाले तर उत्तम, नाहीतर व्हिडिओवरून पुणे-कोल्हापूरकडचे चालतील. धारवाडची डिमहान्स आणि बेंगळुरूच्या निमहान्समधला ओसीडी विभाग (दोन्ही मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्था) हे पुढचे टप्पे, विशेषतः दोन औषधं करूनही फरक पडला नाही तर.

उपचारच केला नाही तर काय, हा धोका कुणी मोजत नाही. ओसीडी आपोआप क्वचितच जातो, बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षं कमीजास्त होत राहतो. धुण्याच्या साबणाने, कधी फिनाइलनेही हात धुतले जातात. पेरांना भेगा पडतात, पावसाळ्यात त्यात बुरशी होते. पाणी कमी प्यायलं जातं, कारण लघवीला गेलं की पुन्हा सगळं धुणं आलं. सोबतीला नैराश्य येतं. आणि ज्या आत्महत्येच्या विचारांची भीती तुम्हाला गोळीमुळे वाटते, ते उपचार न झालेल्या ओसीडीतही येतात.

आता त्या इशाऱ्याबद्दल नेमकं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी तो छापायला लावला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंत वाढवला. मुलांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के आणि नकली (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के मुलांमध्ये असे विचार किंवा वर्तन दिसलं. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. १८ ते २४ या वयात हजारामागे सुमारे पाच जणांची वाढ, २५ ते ६४ मध्ये वाढ नाही, ६५ च्या पुढे उलट घट. म्हणजे बहीण इशाऱ्याच्या वयोगटात आहे, पण वाढ थोडी आहे, आणि तिची वेळही ठाऊक आहे: पहिला महिना आणि डोस वाढवल्यानंतरचे काही दिवस. या काळात तिला एकटी ठेवू नका. आठवड्यातून दोनदा सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतंय का?" विचारल्याने असे विचार डोक्यात घुसत नाहीत. शेतावरची कीटकनाशकं कुलपात ठेवा. ग्रामीण भागात हा खबरदारीचा सगळ्यात कामाचा भाग आहे.

दुसरी एक खूण पाहायची. झोप तीन-चार तासांवर येऊनही ताजंतवानं वाटणं, बोलणं न थांबणं, अवाजवी खरेदी, मोठमोठे बेत. ही उन्मादाची सुरुवात असू शकते. घरात कुणाला, आई-वडील-मामा-काका, दोन ध्रुवांचा आजार (बायपोलर) झाला असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. "सोयरीक मोडेल" म्हणून ही माहिती लपवली जाते आणि गोळीचा खरा धोका नेमका तिथे वाढतो.

डोस जास्त का, याने बरेच जण दचकतात. नैराश्याला सर्ट्रालिन ५० ते १०० पुरते, ओसीडीला बहुधा १५० ते २०० लागते. सर्ट्रालिनच्याच गटातली फ्लुऑक्सेटिन ४० ते ८०, फ्लुवोक्सामाइन २०० ते ३००. जास्त डोसला ओसीडीत गुण जास्त येतो आणि त्रासही थोडा जास्त होतो, दोन्ही अभ्यासांतून दिसलेलं आहे. मोठा आकडा म्हणजे आजार हाताबाहेर गेला असा अर्थ नाही. चढवायचं मात्र पायरीने. २५ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर पाच-सात दिवस, मग ५०, मग दर एक-दोन आठवड्यांनी त्रास बघून ५० ने वाढ. तिला थेट ५० दिली असेल तर पहिले काही दिवस अर्धी गोळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना फोनवर विचारा. बहुधा होच म्हणतील. उपाशीपोटी घेतली की मळमळ जास्त, म्हणून भाकरी-भाजी किंवा पोहे खाऊनच.

फरक दिसायला वेळ लागतो, आणि इथेच निम्मी औषधं बंद पडतात. पहिले दोन-तीन आठवडे फक्त त्रास जाणवतो, फायदा शून्य. खरा निर्णय आठ ते बारा आठवड्यांनी, त्यातले किमान चार-सहा आठवडे पूर्ण डोसवर गेलेले असले पाहिजेत. महिनाभर ५० घेऊन "लागू पडली नाही" म्हणत डॉक्टर बदलायचे, नव्या ठिकाणी पुन्हा ५० पासून सुरुवात. बेळगाव, मग मिरज, मग कोल्हापूर अशा फेऱ्या करणाऱ्या कित्येकांना पूर्ण डोस पूर्ण काळ मिळालेलाच नसतो. दुष्परिणाम भोगून फायदा न घेणं यापेक्षा वाईट सौदा नाही.

फायदा किती? कॉक्रेन या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात १७ चाचण्या आणि तीन हजारांवर रुग्ण होते. सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना सुधारणा होण्याची शक्यता नकली गोळीच्या दुपटीच्या जवळ होती. व्यवहारात सांगायचं तर निम्म्या किंवा थोड्या अधिक लोकांना ठळक फरक पडतो, आणि ठळक म्हणजे येल-ब्राउन मोजपट्टीवरचे गुण पंचवीस-पस्तीस टक्क्यांनी उतरणं. अडीच तासांची आंघोळ गोळीने पाऊण-एक तासावर आली तर ते यश आहे. उरलेलं वर्तनोपचाराने काढायचं.

अंगावर काय येतं ते क्रमाने. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, पातळ जुलाब (सर्ट्रालिनला जरा जास्तच), डोकेदुखी, हात थरथरणं, झोप उडणं किंवा पेंग. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. काहींना सुरुवातीला बेचैनी वाढल्यासारखी वाटते. तेव्हा डोस एक पायरी खाली आणून आठवडाभर थांबतात. टिकून राहणारे त्रास दोन. एक, घाम. दुसरा, लैंगिक: इच्छा कमी होणं, तृप्तीला उशीर होणं किंवा ती न येणं. हे अजिबात दुर्मिळ नाही, पुरुषांनाही होतं, आणि कुणी तोंड उघडत नाही. लग्नानंतर हा त्रास सुरू झाला आणि कारण ठाऊक नसलं तर नवराबायकोत भलतेच गैरसमज होतात. डोस थोडा कमी करणं, औषध बदलणं, वाट पाहणं असे उपाय आहेत. "डोकं मंद होतं" याबद्दल: स्मरणशक्ती किंवा बुद्धी या गोळ्यांनी जात नाही. काहींना जास्त डोसवर भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, रडू येत नाही, आनंदही सपाट वाटतो. ही तक्रार खरी आहे, डोसशी बांधलेली आहे, आणि डोस उतरवला की सुटते.

आपल्या भागात ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं ते म्हणजे सोबतच्या गोळ्या. अंगदुखीला गावच्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा आयबुप्रोफेन सहज मिळतं. सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सचं (रक्त गोठवणाऱ्या पेशींचं) चिकटणं कमी करतात. दोन्ही एकत्र झालं की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कधीमधी एक गोळी ठीक, पण रोज नको, आणि काळी डांबरासारखी शौचाला झाली तर त्याच दिवशी दवाखाना. पॅरासिटामॉल चालते. ट्रामाडोल मात्र टाळाच. पाठदुखी, हाड मोडणं, शस्त्रक्रियेनंतर ती लिहिली जाते, आणि या गोळ्यांबरोबर सिरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढून ताप, स्नायू ताठरणं, थरथर, जुलाब, बरळणं असा गंभीर प्रकार होऊ शकतो. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन याच यादीत. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की चालू गोळीची रिकामी स्ट्रिप दाखवा.

सर्ट्रालिनऐवजी फ्लुवोक्सामाइन लिहून आली असेल तर यादी आणखी लांबते. ती यकृतातला औषधं पचवणारा एक विकर (एन्झाइम) अडवते, म्हणून स्नायू सैल करणारी टिझानिडिन तिच्याबरोबर पूर्ण वर्ज्य आहे; रक्तदाब धाडकन खाली येतो. दम्यासाठी डेरिफिलिन घेणाऱ्यांच्या रक्तात थिओफायलिन साठून छातीत धडधड, झटकेसुद्धा येऊ शकतात. चहा-कॉफीचाही अंमल लांबतो, त्यामुळे संध्याकाळचे दोन कप रात्रभर जागं ठेवतात. निपाणी पट्ट्यातल्यांसाठी एक नोंद: विडी-सिगारेटच्या धुराने फ्लुवोक्सामाइन आणि क्लोमिप्रामिनचं (ओसीडीचं जुनं औषध, पुढे येईलच) रक्तातलं प्रमाण खाली जातं, आणि ओढणं अचानक सोडलं की तेच वर जातं. तंबाखू चघळल्याने हा परिणाम होत नाही, तो धुराचा आहे. विडी सोडा, अवश्य सोडा, पण आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता स्ट्रिप हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा. "सर्ट्रालिन हायड्रोक्लोराइड" एवढंच आणि ५० हा आकडा आहे ना? आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम (सर्ट्रालिनच्याच गटातली) आणि क्लोनाझेपामची एकत्र गोळी फार खपते. क्लोनाझेपाम ओसीडीवर काम करत नाही, नुसतं शांत करते, आणि सवय लागते ती तिची. शेजाऱ्यांनी ऐकलेली "गोळीची सवय" बहुतेक वेळा याच गोळीची असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी अर्धा मिलिग्रॅम वेगळी दिली तर हरकत नाही. एकत्र गोळीत अडचण अशी की ओसीडीसाठी डोस वाढवायचा म्हटला की क्लोनाझेपामही आपोआप वाढते. दुकानदाराने "हीच, कंपनी वेगळी" म्हणून दुसरं पाकीट दिलं तर नाव बदललेलं चालेल, घटक आणि मिलिग्रॅम बदललेले चालणार नाहीत. जनऔषधी केंद्रात साधी सर्ट्रालिन स्वस्त मिळते, तिला कमी समजू नका.

क्लोमिप्रामिन हे या आजाराचं जुनं आणि दमदार औषध. तरी मी ते पहिलं देणार नाही. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, उभं राहिल्यावर चक्कर. २५० मिलिग्रॅमच्या वर झटक्यांचा धोका. चाळिशीनंतर किंवा हृदयविकार असेल तर आधी ईसीजी. आणि मुख्य म्हणजे एकदम जास्त गोळ्या घेतल्या तर ते जीवघेणं ठरतं, सर्ट्रालिन त्या मानाने कितीतरी सुरक्षित. आत्महत्येचे विचार असलेल्या घरात महिनाभराचा साठा ठेवताना हा फरक लाखमोलाचा आहे. पॅरॉक्सेटिन वजन वाढवते, सोडताना सगळ्यात जास्त त्रास देते आणि गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयासाठी नकोशी, म्हणून लग्नाच्या वयातल्या मुलीला ती टाळावी. तुमच्या डॉक्टरांनी सर्ट्रालिन निवडली ती विचार करूनच.

मूलबाळाबद्दल. या गोळीने वंध्यत्व येत नाही. जन्मजात दोष कुठलंही औषध न घेणाऱ्या बायकांमध्येही शंभरात सुमारे तिघींच्या बाळांत दिसतात. सर्ट्रालिनने त्यात म्हणण्यासारखी भर पडल्याचं दिसलेलं नाही. शेवटच्या महिन्यांत घेतली तर बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तदाबाचा एक दुर्मिळ विकार हजारी दोनच्या आसपास असतो तो तीनच्या आसपास जातो. साधारण तिसऱ्या हिश्शाच्या बाळांना जन्मानंतर काही दिवस चिडचिड, थरथर, दूध ओढायला त्रास होतो आणि तो बहुधा आपोआप जातो. अंगावर पाजताना सर्ट्रालिन पसंतीच्या औषधांत आहे, दुधात फार थोडी उतरते. दुसऱ्या बाजूला, बाळंतपणानंतर ओसीडी उसळतो. बाळाला आपल्या हातून इजा होईल असे विचार येतात आणि आई बाळाला हात लावायलाही घाबरते. म्हणून पाळी चुकली की घाबरून त्याच दिवशी गोळी बंद, हे करायचं नाही. मूल हवं असं ठरलं की तीन-चार महिने आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांशी बोलून डोस ठरवायचा.

सासरी सांगायचं का? गोळी लपवून घेणारी मुलगी चुकवते, अर्धी घेते, माहेरी आली की दोन दिवस जास्त घेते. किमान होणाऱ्या नवऱ्याला माहीत असलं पाहिजे. आणि लग्न केल्याने ओसीडी सुटत नाही. शक्य असेल तर पहिले सहा महिने उपचाराला द्या, बघण्याचं मग करा.

बंद कधी? चांगला गुण आल्यानंतर किमान एक ते दोन वर्षं चालू ठेवायची. १९८८ च्या एका अभ्यासात क्लोमिप्रामिन थांबवून नकली गोळी दिली तेव्हा सात आठवड्यांत १८ पैकी १६ जणांचा आजार परतला. ते लोक गोळीवरच अवलंबून होते. ज्यांनी वर्तनोपचार केलेला असतो त्यांचं चित्र इतकं वाईट नसतं, तरी घाई नको. उतरवताना दर एक-दोन महिन्यांनी दहा ते पंचवीस टक्के. २०० वरून १५०, मग १२५, मग १००, आणि शेवटच्या ५० पासून पुढे आणखी हळू. एकदम सोडली तर दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड, विचित्र स्वप्नं येतात. ती सवय नाही: डोस वाढवत नेण्याची ओढ यात नसते. हा त्रास बहुतेकांमध्ये काही दिवसांनी उतरू लागतो. आजार परतताना मात्र आठवड्यांनी हळूहळू येतो, आणि येताना जुनी धुण्याची चाल घेऊनच येतो. हा फरक ओळखता आला तर अकारण गोळी पुन्हा चढवावी लागत नाही.

हे वाचणाऱ्यांच्या घरात साठी ओलांडलेलं कुणी ही गोळी घेत असेल, आणि रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी (टेल्मिसार्टनसोबत येणारी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन) चालू असेल, तर दोन ते चार आठवड्यांनी रक्तातलं सोडियम तपासून घ्या. सोडियम उतरलं की सुस्ती, तोल जाणं, भ्रमिष्टपणा येतो आणि घरचे त्याला "वय झालं" म्हणतात.

गोळी सुरू करायच्या दिवशी एक वही घाला. रोज चार गोष्टी: गोळी किती वाजता, आंघोळीला लागलेली मिनिटं, झोपेचे तास, आणि घरच्यांनी किती वेळा "हो, धुतले पाय" असं उत्तर दिलं. ते उत्तर देणं एकदम बंद करू नका. तिला सांगून, ठरवून, आठवड्याला थोडं थोडं कमी करा. हाही उपचारच आहे. पुढची भेट दोन आठवड्यांनी मागा, महिन्याने नको. मधल्या काळात काही अडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. जगणं नकोसं झाल्याचे बोल, तापासह ताठरलेले स्नायू, किंवा अंगावर पुरळ उठून चेहरा सुजणं यांपैकी काही दिसलं तर फोनात वेळ न घालवता थेट बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाचा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याचा आपत्कालीन विभाग गाठा, आणि वहीबरोबर गोळ्यांची स्ट्रिपही न्या.